खाडीत तेल आले आणि काम गेले, तर भरपाईच्या यादीत नाव कोणाचे?

खाडीकाठची_लेक (नेरूळ)

नमस्कार. मी सारसोळे कोळीवाड्यातली. एका खासगी कंपनीत हिशेब लिहिण्याचे काम करते, आणि आई आजही बाजारात पाटी घेऊन बसते. हा धागा काढण्यामागे घरचा एक जुना अनुभव आहे. तो आधी सांगते आणि मग माझा प्रश्न मांडते.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता आमच्या खाडीत तेलाचा तवंग आला. भरतीबरोबर तो तिवरांत शिरला, आणि ओहोटीला पाणी उतरले तरी झाडांच्या मुळांवर, चिखलावर आणि होड्यांच्या बुडाशी काळा चिकट थर तसाच राहिला. वडील तेव्हा हयात नव्हते. मोठा भाऊ दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून वाट्याने जात असे. तिसऱ्या दिवशी आईच्या पाटीतला बोय एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी उचलला, नाकाशी नेला आणि काही न बोलता परत ठेवला. आईने त्याचा कल्ला अंगठ्याने उघडून पाहिला, तर नखाच्या कडेला काळी रेघ उमटली. साबणाने, मग रॉकेलने धुऊनही ती रेघ दोन दिवस गेली नाही. त्या दिवशी आईने पाटी जशी नेली होती तशी घरी आणली आणि मासे परसात खड्डा करून पुरले.

त्यानंतर सात आठवडे आमच्या घरात खाडीचा एक पैसा आला नाही. भाऊ तुर्भ्याला एका गोदामात हमाली करू लागला. दरम्यान पंचनामे झाले आणि यादी लागली. यादीत होड्या होत्या, जाळी होती आणि त्यांच्या मालकांची नावे होती. भावाने विचारले तेव्हा त्याला सांगण्यात आले की, होडीच्या कागदावर तुझे नाव कुठेच नाही. आईला विचारण्यात आले की, रोज किती विक्री होत होती याचा एखादा कागद आहे का. विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडचा अर्जच तसा होता. पण तीस वर्षे रोज पहाटे उठून केलेल्या कामाचा आईकडे एकही कागद नव्हता, ही गोष्ट मला आजही टोचते.

म्हणून आता आमच्या गल्लीतल्या मासळी विकणाऱ्या बायकांसाठी वह्या सुरू कराव्यात असे माझ्या मनात आहे. उद्या पुन्हा तेल आले, तर बुडालेल्या कामाचा पुरावा म्हणून नेमके काय ग्राह्य धरतात आणि दावा कोणाकडे करायचा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गोदीकाठ (वाशी)

ताई, बंदराशी निगडित सर्वेक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. तेल आले की लोक पहिल्यांदा विचारतात, पैसे किती मिळणार. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, हे तेल कुठले. दावा कोणत्या कायद्याखाली जाईल, ते सगळे या उत्तरावर ठरते.

टँकरमधून माल म्हणून वाहून नेले जाणारे जड, न उडून जाणारे तेल सांडले, तर १९९२ चे दोन आंतरराष्ट्रीय करार लागू होतात आणि भारत त्या दोन्हींत सामील आहे. पहिल्या कराराने जहाजमालकावर आणि त्याच्या विम्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत जबाबदारी येते. ती पुरी पडली नाही तर दुसऱ्या करारातील आंतरराष्ट्रीय निधीतून पैसे मिळू शकतात. मासेमारांचे बुडालेले उत्पन्न त्यात धरले जाते. मात्र नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आणि काही झाले तरी घटनेपासून सहा वर्षांच्या आत कायदेशीर पाऊल उचलावे लागते.

आपल्याकडे अडचण अशी की, बऱ्याच घटनांत टँकर नसतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया–३ या दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. ते चित्राचे स्वतःचे इंधन होते. चित्रा हे कंटेनर वाहणारे जहाज होते. कंटेनर तर मुखाशी तरंगत होतेच, शिवाय त्यांपैकी काहींत कीटकनाशकेही होती. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावरच हे घडले. अशा जहाजाच्या इंधनाला तो टँकरचा निधी लागू होत नाही. तिथे जहाजमालकाच्या मागे लागावे लागते, आणि त्याची जबाबदारीही जहाजाच्या आकारमानाप्रमाणे मर्यादित करण्याची तरतूद असते.

जहाज देशाबाहेर निघून जाण्याआधी त्याला अडवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. २०१७ च्या नाविक अधिकारिता कायद्यानुसार मुंबईसह किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना जहाज अटकावून ठेवण्याचा आदेश देता येतो, आणि त्याच मालकाचे दुसरे जहाजही अडवता येते. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा–३ बुडाले, तेव्हा केरळ सरकारने याच मार्गाने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. त्या आकड्यात मासेमारांच्या आर्थिक नुकसानीचा हिस्सा सुमारे ५२६ कोटींचा आहे. बाकीचा फार मोठा भाग पर्यावरणाच्या हानीचा आहे. एवढ्यासाठी हे सांगतो की, वर्तमानपत्रातला मोठा आकडा पाहून आपल्या वाट्याचा अंदाज बांधू नये. तत्काळ मदत म्हणून तिथल्या बाधित कुटुंबांना १,००० रुपये आणि सहा किलो तांदूळ देण्यात आले होते.

तेल जमिनीवरच्या नळातून किंवा साठ्यातून आले, जसे सप्टेंबर २०२३ मध्ये उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर आले होते, तर मार्ग आणखी वेगळा. त्याबद्दल कोणी वकील मंडळी असल्यास त्यांनी लिहावे.

नाखवा_दिवाळे (बेलापूर)

ताई, तुमची तळमळ समजली. पण मी चाळीस वर्षे खाडीत जातो आहे, आणि अर्ज करून थकलेली माणसे मी पाहिली आहेत. होडीवर चार जण असतात. आधी डिझेल आणि बर्फाचे पैसे बाजूला निघतात, मग उरलेल्याचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा आणि बाकीचे माणसांचे. हा हिशेब तोंडी होतो आणि त्याच संध्याकाळी मिटतो. तो कागदावर नसतो याचे कारण आमच्यात आजवर त्यावरून भांडण झाले नाही. आता दोन महिन्यांच्या भरपाईसाठी आम्ही आयुष्यभर कारकुनी करायची का?

दाव्यांचा_कारकून (ऐरोली)

नाखवाकाका, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त आपल्या खाडीचा नाही. माझे काम विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्याचे आहे, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातल्या प्रकरणाचा मी बराच अभ्यास केला. तिथले अनुभव इथे मांडतो, कारण नोकरी गेलेल्या माणसाच्या दाव्याचे इतके मोठे उदाहरण दुसरे नाही.

२० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला, अकरा कामगार मृत्युमुखी पडले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. जूनच्या सुरुवातीला आखातातील अमेरिकी संघराज्याच्या ताब्यातील पाण्यापैकी ३७ टक्के भाग मासेमारीसाठी बंद होता. ती विहीर खोदणाऱ्या बीपी या तेल कंपनीने २० अब्ज डॉलरचा निधी कबूल केला आणि दावे तपासण्याचे काम केनेथ फाइनबर्ग या वकिलांकडे सोपवण्यात आले. या दाव्यांत फक्त होडीवाले नव्हते. कालवे सोलणारे कामगार, मासळी बाजारातले मजूर, हॉटेलातले वाढपी, किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारे, असे सगळे आले. शिवाय सरकारने खोल समुद्रातले उत्खननच काही महिने थांबवल्यामुळे फलाटांवरच्या कामगारांचे काम गेले, आणि त्यांच्यासाठी कंपनीने १० कोटी डॉलर वेगळे काढले. म्हणजे तेल अंगाला न लागताही रोजगार जातो, हे तिथे मान्य झाले.

पण कागद मागितलेच. मागच्या वर्षांची कर विवरणे, पगाराच्या चिठ्ठ्या, मासळी उतरवल्याच्या पावत्या. तिथेही रोखीने काम करणारे खलाशी होते. व्हिएतनाममधून येऊन स्थायिक झालेली शेकडो मासेमार कुटुंबे होती, ज्यांना इंग्रजी अर्जच वाचता येत नव्हता. ही माणसे प्रामाणिक असूनही मागे पडली.

दुसरी गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. पुढे एक पर्याय असा दिला गेला की, व्यक्तीने ५,००० डॉलर किंवा व्यवसायाने २५,००० डॉलर लगेच घ्यावेत, फार कागदपत्रे लागणार नाहीत, मात्र यापुढे खटला भरणार नाही असे लिहून द्यावे. घरात चूल अडलेल्या माणसाने सही केली, यात त्याचा दोष नाही. पण तेलाचे नुकसान पहिल्या हंगामात कळत नाही. अलास्कात एक्सॉन कंपनीचे एक्सॉन वाल्डिझ हे तेलवाहू जहाज मार्च १९८९ मध्ये फुटले, आणि तिथली हेरिंग मासळी कोसळली ती १९९३ मध्ये, चार वर्षांनी. तेव्हा सारसोळ्याच्या बायकांना एवढे नक्की सांगा की, तातडीची मदत आणि अंतिम तडजोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील, तर वाचून दाखवायला कोणीतरी सोबत न्या आणि त्या दिवशी सही करू नका.

काका, तुमच्या थकव्याचेही उदाहरण तिथेच आहे. अलास्कातल्या ज्युरीने १९९४ मध्ये एक्सॉनला ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. तो अपिलांत कमी होत होत २००८ मध्ये ५०.७५ कोटी डॉलरवर आला. तोवर एकोणीस वर्षे उलटली होती आणि अनेक दावेदार वारले होते. पण त्यांच्या वारसांना जे मिळाले ते जुन्या नोंदींच्या आधारेच मिळाले.

कायद्याचे_पान (ठाणे)

मी वकिली करते आणि हरित न्यायाधिकरणासमोर, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायासनासमोर, काही प्रकरणांत काम केले आहे. गोदीकाठ यांनी सोडलेला धागा पुढे नेते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात भरपाईच्या बाबींची एक अनुसूची आहे, आणि त्यात व्यवसाय किंवा रोजगार किंवा दोन्ही बुडणे ही बाब स्पष्ट लिहिलेली आहे. ताई, तुमच्या भावाचा आणि आईचा हक्क तिथे बसतो. होडीची मालकी असली पाहिजे, अशी अट त्यात नाही. कलम १५ खालचा अर्ज घटनेपासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. अपघातातून हानी झाली असेल, तर समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज कलम १७ मुळे राहत नाही. अर्जाचे शुल्क मागितलेल्या रकमेच्या एक टक्का आणि किमान एक हजार रुपये असते, पण दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते भरावे लागत नाही. आपल्या भागासाठी खंडपीठ पुण्यात आहे.

आपल्या शेजारचाच एक निकाल या संदर्भात वाचण्यासारखा आहे. उरण आणि पनवेल परिसरातील चार कोळीवाड्यांनी, त्यांत उलव्याजवळचे गव्हाणही आले, बंदराच्या भरावामुळे आणि कांदळवन नष्ट झाल्यामुळे पारंपरिक मासेमारी बुडाल्याची तक्रार केली होती. प्रकरण तेलगळतीचे नव्हते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश जवाहरलाल नेहरू बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांना दिला. कुटुंबामागे तो आकडा ५ लाख ८४ हजारांच्या आसपास येतो. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट रकमेपेक्षा मोजण्याचे एकक ही आहे: तिथे कुटुंब मोजले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत तेल पसरले, तेव्हा तमिळनाडू सरकारनेही २,३०१ कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये दिले आणि ७८७ होड्यांसाठी प्रत्येकी १०,००० रुपये वेगळे दिले. तेव्हा यादी करताना कुटुंब आणि होडी असे दोन वेगळे रकाने ठेवा, असा आग्रह आपल्याला पहिल्या दिवसापासून धरता येतो. यादी एकदा लागली की तिच्यात नाव घालणे फार अवघड होते.

न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, त्यामुळे आदेश झाला म्हणजे पैसे हातात आले असे कोणालाही सांगू नका. खोटी आशा लावणे मला पटत नाही.

बर्फवाली_भाची (कोपरखैरणे)

माझे मामा बर्फाच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होते. मासेमारी थांबली की बर्फही थांबतो आणि त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच सांगण्यात येते. त्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही, पण भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात ज्या महिन्यांचा भरणा नाही ते महिने दिसतात. हे पुरावा म्हणून चालेल का?

दाव्यांचा_कारकून (ऐरोली)

चालेल, आणि चांगला चालेल, कारण ती नोंद तिसऱ्याच संस्थेने केलेली आहे. दावा तपासणारा माणूस आधी हेच पाहतो की, कागद घटनेआधीचा आहे का आणि तो दावेदाराच्या हातात बदलण्यासारखा होता का. बँकेचे पासबुक, ई-श्रम कार्ड, बाजारात बसण्याची पालिकेची पावती, बर्फाचे बिल, मच्छीमार संस्थेकडून घेतलेली उचल, हे सगळे उपयोगी. आजकाल गिऱ्हाईक फोनवरून पैसे देतात, त्यामुळे मासळी विकणाऱ्या बाईच्या खात्यात रोजच्या छोट्या छोट्या जमा दिसतात. तीन वर्षांचा तो उतारा आणि तेल आल्यानंतरचे रिकामे आठवडे शेजारी ठेवले, की फारसे बोलावे लागत नाही.

मात्र एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. नुकसान म्हणजे पूर्ण विक्री नव्हे. न जळलेले डिझेल, न घेतलेला बर्फ, म्हणजे वाचलेला खर्च वजा होतो. ताई, तुमच्या भावाने तुर्भ्यात मिळवलेली हमालीही वजा धरली गेली असती. म्हणून वहीत खर्च आणि वाईट दिवसही प्रामाणिकपणे लिहा. ज्या वहीत रोज भरघोस विक्री असते तिच्यावर तपासणारा विश्वास ठेवत नाही.

गोदीकाठ (वाशी)

एक भर घालतो. तेल दिसताच त्याचा नमुना घ्या. काचेची स्वच्छ बाटली आणि घट्ट झाकण. प्लास्टिकची बाटली नको, कारण तिच्यातले घटक तेलात मिसळतात. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहा. पण आपण घेतलेल्या नमुन्यावर थांबू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाला किंवा तहसीलदारांना कळवून त्यांच्यासमोर पंचनाम्यात मोहोरबंद नमुना घ्यायला लावा. प्रयोगशाळेत तेलाच्या घटकांची तुलना करून ते कोणत्या जहाजाच्या टाकीतले आहे हे ताडता येते, बोटांच्या ठशांसारखे. तेलाचा धनी ठरला नाही, तर बाकीचे सगळे कागद कोणापुढे ठेवायचे?

खाडीकाठची_लेक (नेरूळ)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी वहीचा आराखडा बदलला. आधी मी फक्त विक्रीचा रकाना ठेवला होता. आता तारीख, कोणाच्या होडीची मासळी, काय घेतले, खरेदीचे पैसे, बर्फाचे पैसे, विक्री, आणि काही आणले नसेल तर त्याचे कारण, असे रकाने केले आहेत. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून तो मी स्वतःला ईमेलने पाठवणार आहे, म्हणजे पान त्या तारखेला भरलेले होते हे दिसेल. मच्छीमार संस्थेला आम्ही नऊ जणींनी सहीचे पत्र दिले आहे की, यापुढे सदस्यांच्या यादीबरोबर खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायका यांची वेगळी नोंदवही ठेवावी. तोंडी होकार मिळाला आहे; लेखी उत्तराची वाट पाहते आहे.

आईला लिहिण्याचा सराव नाही, आकडे मात्र ती झरझर मांडते. म्हणून माशांच्या नावांच्या जागी तिने स्वतःच खुणा ठरवल्या. कोळंबीला वाकडी रेघ, चिंबोरीला दोन नांग्या, आणि निवटीला डोक्यावर काढलेले दोन टपोरे डोळे. वहीच्या पहिल्या पानावर मी प्रत्येक खुणेसमोर नाव लिहून खाली तिची सही घेतली आहे. वकीलताई, अशी वही चालेल ना?

कायद्याचे_पान (ठाणे)

नक्की चालेल. वही नेहमीच्या व्यवहारात, त्या त्या दिवशी भरली जाते एवढे तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सांगू शकलात की पुरे. खुणा बदलू मात्र नका.

नाखवा_दिवाळे (बेलापूर)

मी परवा जरा तोडून बोललो होतो. घरी हा धागा सुनेने वाचून दाखवला. माझ्या होडीवरचे दोघे गावचे आहेत आणि दोघे बाहेरून आलेले. वाटे पडल्यावर चौघांची नावे आणि रक्कम लिहून सही घ्यायची, असे आजपासून सुरू करतो. बाहेरच्या दोघांची नावे आम्ही हाक मारतो तशी लिहू, की आधार कार्डावर आहेत तशी?

खाडीकाठची_लेक (नेरूळ)

आधार कार्डावर आहेत तशीच लिहा काका, आणि शेजारी हाक मारण्याचे नावही लिहा. बुधवारी दिवाळे बाजारात येते आहे. चार रकान्यांच्या दोन कोऱ्या वह्या आखून आणते.